टॅव्हीनंतर व्हॉल्व्हच्या गुंतागुंती: कोणती गोष्ट आधी, कोणती नंतर

टॅव्ही (छाती न उघडता, नळीवाटे महाधमनीचा कृत्रिम व्हॉल्व्ह बसवण्याची प्रक्रिया) झालेल्या ज्येष्ठाला पावसाळ्यात ताप आला की मुंबईतील बहुतेक घरांत एक क्रम ठरल्यासारखा पार पडतो: आधी पॅरासिटामॉल, दुसऱ्या दिवशी केमिस्टकडून आणलेले अँटिबायोटिक, चौथ्या दिवशी फॅमिली डॉक्टर आणि ताप उलटला की मग हृदयरोगतज्ज्ञ. यातील एकेक पाऊल सुटे पाहिले तर वावगे वाटत नाही, चुकतो तो क्रम. मांडीतील धमनीतून नेऊन बसवलेल्या महाधमनी व्हॉल्व्हच्या बहुतेक गुंतागुंतींवर उपचार आहेत, मात्र कोणता उपचार करायचा हे एखाद्या तपासणीवर ठरते आणि ती तपासणी उशिरा किंवा चुकीच्या वेळी झाली तर तिच्यातून काहीच हाती लागत नाही. पुढील टप्पे रुग्णाच्या घरच्यांसाठी लिहिले आहेत. औषधे सुरू करणे, थांबवणे आणि त्यांची मात्रा ठरवणे हे काम उपचार करणाऱ्या डॉक्टरांचेच राहील.

## टप्पा १: डिस्चार्जच्या आधी फाइल पूर्ण करा

पुढे कोणतीही तक्रार उद्भवली तरी डॉक्टरांचा पहिला प्रश्न एकच असतो: व्हॉल्व्ह बसवल्यानंतर लगेच तो कसा चालत होता? याचे उत्तर डिस्चार्जपूर्वीच्या इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या अहवालात असते. या अहवालात केवळ ‘व्हॉल्व्हचे कार्य समाधानकारक’ असे वाक्य असेल, तर तो अहवाल पुढे उपयोगाचा नाही. त्यात सरासरी ग्रेडियंट (व्हॉल्व्हच्या दोन बाजूंच्या दाबातील फरक), रक्तप्रवाहाचा कमाल वेग, व्हॉल्व्हच्या उघडण्याचे क्षेत्रफळ, कडेने होणारी गळती असल्यास तिची पातळी आणि हृदयाची पंपिंग क्षमता हे आकड्यांत लिहिलेले हवे. आकडे नसतील तर ते लिहून देण्याची विनंती वॉर्डमध्ये असतानाच करावी. नंतर ते मिळवणे फार कठीण जाते.

फाइलमध्ये व्हॉल्व्हचे कार्डही हवे, ज्यावर कंपनी, मॉडेल, मिलिमीटरमधील आकार, अनुक्रमांक आणि तारीख असते. त्यासोबत प्रक्रियेच्या आधीचा आणि डिस्चार्जच्या दिवशीचा असे दोन्ही ईसीजी, हिमोग्लोबिन व क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) आणि कोणती गोळी किती काळ घ्यायची याची लेखी यादी ठेवावी. या सर्व कागदांचे फोटो घरातील किमान दोन जणांच्या मोबाइलमध्ये असावेत. कपाटाची किल्ली ज्याच्याकडे आहे, नेमका तोच माणूस त्या वेळी विरारच्या लोकलमध्ये असतो.

एक निर्णय याच वेळी घेऊन ठेवावा. प्रक्रिया परळला झाली आणि घर बदलापूरला असेल, तर अडचणीच्या वेळी परळपर्यंत जाण्याचा हट्ट धरणे जिवावर बेतू शकते. घराजवळच्या कोणत्या रुग्णालयात चोवीस तास कॅथ लॅब (जेथे नळीवाटे हृदयावरील प्रक्रिया होतात ती खोली) आणि तात्पुरता पेसमेकर लावण्याची सोय आहे, हे आधीच विचारून घ्यावे.

तपासून पाहा: सरासरी ग्रेडियंटचा आकडा फाइलमध्ये सापडतो का? डिस्चार्जच्या ईसीजीवर ‘लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक’ किंवा ‘राइट बंडल ब्रँच ब्लॉक’ (हृदयाच्या विद्युतवहनातील डाव्या किंवा उजव्या फांदीतला अडथळा) असे लिहिले आहे का? असल्यास घरी हृदयाच्या ठोक्यांची नोंद ठेवणारा मॉनिटर लावायचा आहे का, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये.

## टप्पा २: पहिला महिना, मांडी आणि नाडी

पहिल्या आठवड्यात लक्ष जांघेतील जखमेकडे असावे. थोडे निळसरपण आणि वाटाण्याएवढी कठीण गाठ सहसा आपोआप विरते. गाठ वाढत असेल, बोट ठेवल्यावर ठोके जाणवत असतील किंवा तो पाय दुसऱ्यापेक्षा थंड, पांढुरका वा बधिर असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून घ्यावे. ठोके देणारी गाठ हा धमनीतून झिरपणाऱ्या रक्ताचा फुगा असू शकतो आणि सोनोग्राफीखाली इंजेक्शन देऊन तो बहुतेक वेळा शस्त्रक्रियेविना बंद करता येतो. अशा गाठीवर शेक देणे किंवा तेल लावून चोळणे पूर्णपणे टाळावे. बाहेर काहीच न दिसता कमरेत किंवा कुशीत तीव्र वेदना, घाम आणि रक्तदाब उतरणे, हे आत रक्तस्राव होत असल्याचे लक्षण असू शकते.

डॉक्टर ‘जड उचलू नका’ असे सांगतात आणि रुग्ण मान डोलावतो, पण सकाळी पाणी येण्याच्या वेळेला भरलेली बादली सरकवणे त्याला जड उचलणे वाटत नाही. तेही जडच आहे. उकिडवे बसायला लागणारे शौचालय असेल तर जखम भरेपर्यंत कमोडच्या खुर्चीची सोय करावी.

नाडी मात्र महिनाभर पाहावी. महाधमनीच्या व्हॉल्व्हला अगदी लागून हृदयाची विद्युतवाहिनी जाते. नव्या व्हॉल्व्हच्या चौकटीचा तिच्यावर दाब पडला की वहन मंदावते, कधी पूर्ण थांबते. हे बहुधा पहिल्या काही दिवसांत रुग्णालयातच लक्षात येते, तरी काही रुग्णांत ते घरी गेल्यानंतर घडते. आधीपासून राइट बंडल ब्रँच ब्लॉक असलेल्यांना हा धोका अधिक असतो. रोज सकाळी आणि संध्याकाळी पूर्ण एक मिनिट नाडी मोजून ती वहीत लिहावी. ठोके ५० च्या खाली असून डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, किंवा त्रास नसला तरी ते ४० च्या खाली असतील, तर ईसीजीसाठी लगेच निघावे.

इशारा: या महिन्यातील चक्कर अशक्तपणावर ढकलून साखर-मिठाचे पाणी देणे ही सर्वात वारंवार घडणारी चूक आहे. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, डिल्टियाझेम यांसारख्या गोळ्या ठोके आणखी कमी करतात. रुग्ण प्रक्रियेपूर्वी यांपैकी काही घेत असेल, तर घरातील जुनी पाकिटे पाहून ती आपणहून पुन्हा सुरू करू नये.

## टप्पा ३: रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या

येथे दोन गट आहेत आणि शेजारच्या रुग्णाची चिठ्ठी आपल्याला लागू पडत नाही. ज्यांना रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचे स्वतंत्र कारण नाही, त्यांना बहुतेक वेळा कमी मात्रेतील ॲस्पिरिन एकटेच दिले जाते. ज्यांच्या ठोक्यांत एट्रियल फिब्रिलेशनची अनियमितता आहे, त्यांना सहसा रक्त गोठू न देणारे औषध एकटेच मिळते. नुकताच स्टेंट बसला असेल तर काही काळ दोन औषधे लागू शकतात, पण ती केव्हा कमी करायची याची तारीख चिठ्ठीवर असायला हवी. तारखेविना महिनोन्महिने चालू राहिलेली दुसरी गोळी रक्तस्रावाचा धोका वाढवते.

रक्त गोठू न देणाऱ्या औषधांपैकी वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमेरॉल चालू असल्यास आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी रक्ततपासणी) वेळेवर पाहावा. पालक, मेथी, अळू पूर्ण वर्ज्य करण्याची गरज नसते, आठवड्यातले प्रमाण साधारण सारखे ठेवावे. जुलाबासाठी सर्रास घेतले जाणारे मेट्रोनिडाझोल आणि लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) प्रतिबंधासाठी दिले जाणारे डॉक्सिसायक्लिन, ही दोन्ही औषधे या गोळ्यांचा परिणाम वाढवू शकतात. पुराच्या पाण्यातून चालत आल्यावर डॉक्सिसायक्लिन घेण्याचा सल्ला मिळाला, तर तो देणाऱ्याला आपली रक्त पातळ करण्याची गोळी दाखवावी आणि पुढचा आयएनआर लवकर करावा. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नये. त्याने पोटात रक्तस्राव होऊ शकतो आणि मूत्रपिंडावरही भार पडतो.

दात काढायचा आहे म्हणून गोळी परस्पर बंद करणे ही याच टप्प्यातील आणखी एक चूक. दंतवैद्य आणि हृदयरोगतज्ज्ञ यांचे आपसात बोलणे होऊ द्यावे.

## टप्पा ४: ज्यात मिनिटे मोजायची, त्या तीन वेळा

बेशुद्धी. रुग्णाला सपाट झोपवावे. उठवून खुर्चीत बसवणे आणि तोंडात पाणी ओतणे या दोन्ही गोष्टी घातक आहेत. श्वास नीट चालू नसेल तर छाती दाबण्यास सुरुवात करावी आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. काही सेकंदांत शुद्ध आली तरी रुग्णालय टाळू नये, कारण हृदयाच्या विद्युतवहनाचा पूर्ण ब्लॉक असा येऊन-जाऊनही असतो. तेथे पोहोचल्यावर ‘टॅव्ही झाले आहे’ हे पहिले वाक्य असावे. ब्लॉक सिद्ध झाल्यास तात्पुरता आणि पुढे कायमचा पेसमेकर हाच उपचार आहे, ठोके वाढवणाऱ्या गोळ्यांवर दिवस ढकलण्यात अर्थ नाही.

पक्षाघात. चेहरा वाकडा होणे, एक हात गळणे, बोलणे अडखळणे यांपैकी एकही गोष्ट दिसली की घड्याळ पाहावे आणि रुग्ण शेवटचा ठीक कधी दिसला होता ती वेळ लिहून ठेवावी. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील किंवा नुकतीच मोठी प्रक्रिया झाली असेल तर ते नेहमी देता येत नाही. अशा वेळी मोठ्या रक्तवाहिनीतील गुठळी कॅथेटरने काढण्याचा मार्ग निवडक रुग्णांत उपलब्ध असतो. त्यामुळे जेथे सीटी स्कॅन आणि ही सोय दोन्ही आहेत, तेथेच जावे. घरी ॲस्पिरिन चघळायला देऊ नये. झटका गुठळीचा आहे की रक्तस्रावाचा, हे सीटीशिवाय कळत नाही.

जांघेतून रक्त. रुग्णाला आडवे करून जखमेच्या किंचित वर तीन बोटांनी घट्ट, सलग दाब द्यावा आणि रक्त थांबले का हे पाहण्यासाठी दर मिनिटाला हात काढू नये. हळद किंवा कॉफीची पूड भरू नये.

## टप्पा ५: ताप. अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर

या लेखातला सर्वात महत्त्वाचा टप्पा हाच आहे, म्हणून येथे थोडे थांबू. कृत्रिम व्हॉल्व्हवर जंतूंनी घर केले तर त्याला एंडोकार्डायटिस म्हणतात. हे फार रुग्णांना होत नाही, परंतु ज्यांना होते त्यांच्या बाबतीत जंतू कोणता हे कळणे अत्यावश्यक असते, कारण पुढचे कित्येक आठवडे कोणते औषध शिरेतून द्यायचे हे त्यावरच ठरते. अर्धवट घेतलेल्या अँटिबायोटिकने ताप दोन दिवस उतरतो, रक्तातील जंतू कल्चरमध्ये, म्हणजे रक्ताचा नमुना ठेवून जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, वाढण्याइतके उरत नाहीत आणि व्हॉल्व्हवरचे मात्र तसेच राहतात.

मुंबईत जून ते ऑक्टोबरमध्ये अडचण अशी की मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टो खरोखरच आसपास असतात. त्यामुळे ‘व्हायरल असेल’ हे वाक्य नेहमीच चूक नसते, पण या रुग्णाच्या बाबतीत ते अपुरे असते. क्रम असा ठेवावा.

१. थर्मामीटरने ताप मोजून वेळेसह लिहावा. ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप गेला, किंवा हुडहुडी भरली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. बारीक ताप, रात्रीचा घाम आणि वजन घटणे असे आठवडाभर रेंगाळत असेल तरीही हेच करावे. वृद्धांमध्ये तापाचा पारा फार चढत नाही.

२. अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्यापूर्वी ब्लड कल्चर घ्यावे, वेगवेगळ्या शिरांतून आणि शक्य तर काही अंतराने असे तीन वेळा. एकच नमुना पुरेसा नाही. लघवीचे कल्चरही द्यावे, कारण टॅव्हीनंतरच्या संसर्गांत आढळणारे एंटेरोकोकस जातीचे जंतू मूत्रमार्गातून किंवा आतड्यांतून येऊ शकतात.

३. मलेरिया आणि डेंग्यूच्या चाचण्या कल्चरसोबत कराव्यात, कल्चरच्या ऐवजी नव्हे. मलेरिया निघाला आणि त्यावरच्या उपचारानंतरही ताप हटला नाही, तर व्हॉल्व्हचा विचार पुन्हा करावा. डेंग्यूत प्लेटलेट उतरू लागल्या तर ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू ठेवायचे का, हे हृदयरोगतज्ज्ञांना त्याच दिवशी विचारावे.

४. नंतर इको. छातीवरून केलेल्या इकोत काही दिसले नाही म्हणून संसर्ग नाही असे ठरत नाही. व्हॉल्व्हच्या धातूच्या चौकटीमुळे बारीक गाठी झाकल्या जातात. अन्ननलिकेतून केलेला इको अधिक स्पष्ट असतो. तोही निर्दोष आला आणि संशय कायम असेल तर तो पाच ते सात दिवसांनी पुन्हा करतात, काही वेळा सीटी किंवा पेट-सीटीची जोड देतात.

इशारा: रक्तदाब कोसळत असेल, रुग्ण बडबडत असेल किंवा श्वास वाढला असेल, तर कल्चरसाठी तासन्‌तास वाट पाहायची नसते. रुग्णालयात नमुने लगेच घेऊन अँटिबायोटिक त्याच वेळी सुरू करतात.

अँटिबायोटिक आधीच घेतले गेले असेल तर ते लपवू नये. पाकीट सोबत न्यावे, शेवटची गोळी कधी घेतली ते सांगावे. संकोचाने दडवलेली ही माहिती अनेकदा निदानाला आठवडाभर मागे नेते.

निदान पक्के झाल्यावर उपचार साधारण सहा आठवडे शिरेतून चालतात. चौथ्या दिवशी ताप जातो आणि घरचे ‘आता गोळ्यांवर घरी सोडा’ म्हणू लागतात, हे रुग्णालयाच्या बिलाकडे पाहता समजण्यासारखे असले तरी स्वतःहून तसा आग्रह धरू नये. या काळात कल्चर निर्जंतुक झाले का हे पुन्हा पाहिले जाते आणि ईसीजी वारंवार काढला जातो, कारण त्यातील वहनाचा काळ वाढू लागला तर व्हॉल्व्हच्या मुळाशी गळू होत असल्याची शंका येते. गळू, हृदय निकामी होऊ लागणे किंवा औषधाने आटोक्यात न येणारा संसर्ग, अशा वेळी शस्त्रक्रियेचा विचार होतो. दुसरे मत अवश्य घ्यावे, पण ते त्याच दोन दिवसांत.

प्रतिबंधाबाबत एकच, परंतु हमखास विसरली जाणारी गोष्ट: हिरड्यांना इजा होईल असे दातांचे कोणतेही काम करण्यापूर्वी अँटिबायोटिकचा एक डोस घ्यावा लागतो, सामान्यतः अर्धा ते एक तास आधी २ ग्रॅम अमॉक्सिसिलिन. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्यास पर्यायी औषध आधीच लिहून घ्यावे. दर सहा महिन्यांनी दात तपासून घेणे याहूनही मोलाचे आहे.

## टप्पा ६: दम लागणे आणि इकोतील वाढलेले आकडे

रोज सकाळी लघवी करून, चहापूर्वी, त्याच काट्यावर वजन करावे. तीन दिवसांत सुमारे २ किलो वाढले, पावलांवर सूज आली किंवा जे जिने आधी सहज चढता येत होते तेथे मध्येच थांबावे लागू लागले, तर इकोची नियमित तारीख येईपर्यंत थांबू नये. इको साधारणपणे डिस्चार्जपूर्वी, महिन्याने, वर्षाने आणि पुढे दरवर्षी असतो. तो शक्यतो एकाच ठिकाणी करावा आणि प्रत्येक वेळी पहिला अहवाल सोबत न्यावा.

इकोत ग्रेडियंट वाढलेला दिसला की लगेच ‘व्हॉल्व्ह खराब झाला’ असा निष्कर्ष काढला जातो. तो घाईचा आहे. ताप, रक्ताची तीव्र कमतरता किंवा थायरॉइडचा वाढलेला वेग यांत हृदयातून वाहणारे रक्तच वाढते आणि आकडा फुगतो. काहींचा व्हॉल्व्ह शरीराच्या मानाने पहिल्यापासूनच लहान असतो, त्यांचा आकडा डिस्चार्जलाही जास्तच होता. सरासरी ग्रेडियंट पहिल्या अहवालापेक्षा १० मिमी एचजी (पाऱ्याच्या मिलिमीटरमधील दाब) किंवा अधिकने वाढून २० च्या घरात किंवा वर गेला असेल आणि उघडण्याचे क्षेत्रफळही घटले असेल, तर मात्र पुढची तपासणी टाळू नये.

ती तपासणी म्हणजे सहसा कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या स्पष्ट दिसाव्यात म्हणून शिरेतून दिले जाणारे द्रव्य) देऊन, ईसीजीशी जुळवून केलेला हृदयाचा सीटी. त्यापूर्वी क्रिएटिनिन पाहावे आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असल्यास तसे सांगावे. सीटीचा मुख्य प्रश्न असा की व्हॉल्व्हच्या पापुद्र्यांवर रक्ताची गुठळी बसली आहे की पापुद्रे झिजून, चुना साचून कडक झाले आहेत. दोन्हींत लक्षणे सारखीच, उपचार मात्र पूर्ण वेगळे. गुठळी असेल तर रक्त गोठू न देणारे औषध बहुधा तीन ते सहा महिने देऊन पुन्हा तपासतात आणि अनेकदा आकडा खाली येतो. झीज असेल तर त्या औषधाने काही साधत नाही. पहिल्या वर्षभरातच आकडा चढला असेल तर आधी गुठळीचा आणि संसर्गाचा विचार करायचा, झीज ही सहसा काही वर्षांनंतरची गोष्ट.

कडेने होणारी गळती हा वेगळा प्रकार. सौम्य गळती पुष्कळांना पहिल्या दिवसापासून असते आणि तिच्यावर केवळ लक्ष ठेवतात. मध्यम किंवा तीव्र गळतीमुळे दम लागत असेल तर लघवीच्या गोळ्यांनी आराम पडतो, गळती बुजत नाही. तिच्यासाठी फुग्याने व्हॉल्व्ह थोडा आणखी फुलवणे, कॅथेटरने बूच बसवणे किंवा आत दुसरा व्हॉल्व्ह बसवणे हे पर्याय आहेत. अरुंद फटीतून वेगाने जाताना लाल पेशी फुटतात, म्हणून हिमोग्लोबिन सतत उतरत असेल, डोळे पिवळसर आणि लघवी गडद होत असेल, तर नुसते लोहाचे टॉनिक देत राहू नये. लाल पेशी फुटत आहेत का हे दाखवणाऱ्या एलडीएच व हॅप्टोग्लोबिन या रक्तचाचण्या करून घ्याव्यात.

तपासून पाहा: गळती आधीच्या अहवालात नव्हती आणि आता नव्याने दिसते आहे का? तसे असेल तर ताप नसला तरी ब्लड कल्चर झाल्याशिवाय गळती बुजवण्याच्या प्रक्रियेची तारीख घेऊ नये.

## टप्पा ७: दुसरा व्हॉल्व्ह बसवण्यापूर्वी

झीज सिद्ध झाली तर जुन्या व्हॉल्व्हच्या आत नवा बसवणे किंवा छाती उघडून जुना काढणे, असे दोन मार्ग राहतात. पहिला ऐकायला सोपा वाटतो, पण नवा व्हॉल्व्ह जुन्याचे पापुद्रे बाहेरच्या बाजूला उभे दाबून धरतो आणि काहींच्या शरीररचनेत त्यामुळे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्यांचे तोंड झाकले जाऊ शकते. हा धोका सीटीवर आधीच मोजता येतो, म्हणून सीटीचे मोजमाप हाती येण्यापूर्वी प्रक्रियेला होकार देऊ नये. दुसऱ्या मार्गाने जुना व्हॉल्व्ह काढणे ही मोठी शस्त्रक्रिया आहे आणि वयस्कर रुग्णात ती जोखमीची ठरते.

निर्णयाच्या बैठकीत हृदयरोगतज्ज्ञासोबत हृदयशल्यविशारदही असावा. त्यांना विचारायचे प्रश्न लिहून न्यावेत: कोरोनरी झाकली जाण्याची शक्यता किती, पुढे अँजिओप्लास्टी लागली तर कॅथेटर तेथपर्यंत पोहोचेल का, नव्या व्हॉल्व्हमधून ग्रेडियंट किती राहील, पेसमेकरची गरज पडेल का आणि काहीच न करता औषधांवर राहिल्यास पुढचे महिने कसे जातील. शेवटचा प्रश्न घरचे सहसा विचारत नाहीत. पंचाऐंशीच्या पुढच्या, इतर आजारांनी थकलेल्या रुग्णाच्या बाबतीत तो सर्वात आधी आणि रुग्णाच्या समोर विचारला जावा, कारण त्याचे उत्तर ऐकून होकार किंवा नकार देण्याचा अधिकार त्याचा आहे.